हवाबंद खुराडं

मिस्त्रींच्या हातचं कपाट एकदा भिंतीला लागलं की त्यात मुंगीसुद्धा शिरत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. आणि गिऱ्हाइकं म्हणायला विसरली तर मिस्त्री स्वतःच म्हणत. दार लावलं की आतली हवा 'फुस्स' करून बाहेर पडायची आणि त्या आवाजाबरोबर मिस्त्रींच्या मिशीखाली हसू फुटायचं. त्यामुळे थोरल्या बहिणीनं कोंबड्या पाळायचं काढलं आणि खुराड्याचं काम अंगावर आलं, तेव्हा त्यांना वाटलं, हे तर आपल्या डाव्या हातचं काम.

बहिणीला सगळेच आक्का म्हणायचे. तिची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात गेली होती. चादरींचे डोंगर, वाफ, आणि अंगाला कायम साबणाचा वास. निवृत्त झाली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि खोली होती चौथ्या मजल्यावर. मिस्त्री आणि त्यांची बायको जाऊन तिला सामानासकट आपल्याकडे घेऊन आले. पण जन्मभर जिचा हात रिकामा राहिला नाही तिला बसून खाणं म्हणजे शिक्षाच. त्यातच एकदा इस्त्री चालू ठेवून ती दारात कोणाशी तरी बोलत राहिली आणि टेबलावरचं कापड जळलं. घरात कोणी काही बोललं नाही, पण तिनं ते मनाला लावून घेतलं. "माझ्या डोक्याची चाळणी झालीय," असं ती येता-जाता म्हणायला लागली.

आणि एक दिवस म्हणाली, "धाकट्या, परसात एवढी जागा पडून आहे. चार कोंबड्या पाळूया का रे? सकाळी कोणीतरी आपली वाट बघतंय असं असलं की माणसाला उठावंसं वाटतं."

धाकट्या म्हणजे मिस्त्री. पन्नाशी उलटली होती, डोक्यावरचे केस मोजण्याइतके उरले होते, पण आक्काला तो धाकट्याच.

कोंबड्या विकणाऱ्यानं अंड्यावर यायच्या बेतातल्या पाच तलंगा निवडून दिल्या आणि टोपलीचं तोंड बांधता बांधता सांगितलं, "दोन गोष्टी सांभाळा. जनावर आत शिरता कामा नये आणि हवा आत-बाहेर खेळली पाहिजे." मिस्त्रींनी पहिली गोष्ट ऐकली. दुसरी कानापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली. कारण आदल्याच दिवशी परसाच्या भिंतीवरून मुंगूस जाताना आक्कानं पाहिलं होतं, आणि मिस्त्रींच्या डोक्यात त्या मुंगसाशी लढाई सुरू झाली होती.

खुराडं झालं ते मात्र बघण्यासारखं. जाड प्लायवूड, चारी कोपऱ्यांना पक्के सांधे, छताला बारीक पट्टी, दाराला पितळी बिजागऱ्या, आणि वर पॉलिशचे दोन हात. आत बसायला गोल दांडी, अंडी घालायला कोपऱ्यात पेट्या, खाली लाकडाच्या भुशाची गादी. मिस्त्रींनी एक दिवा आत ठेवून दार लावलं आणि बाहेरून चहूबाजूंनी वाकून पाहिलं. कुठूनही उजेडाची रेघ दिसली नाही.

"धाकट्या," आक्का जरा अडखळत म्हणाली, "तो माणूस हवेचं काहीतरी म्हणाला होता ना?"

"अगं, दिवसभर दार उघडंच असणार आहे. मिळेल तेवढी हवा. आणि फट ठेवली की मुंगूस आलंच समज. तू चादरी धुतल्यास ना? मग लाकडाचं माझ्यावर सोड."

आक्का हसली. "बरं बाबा. तुझं तू जाणे."

शेजारचा ड्रायव्हर कुंपणावरून वाकून बघत होता. शाळेची बस चालवायचा, आणि दुसऱ्याच्या घरात काही नवीन दिसलं की त्याला चैन पडायचं नाही. "मिस्त्री, या खुराड्यात मीच राहायला येऊ का?" तो म्हणाला. मग मापं मागितली. मिस्त्रींनी उदार मनानं प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीनं आकृती काढून दिली, आणि खाली आपली नेहमीची सूचना तोंडी जोडली, "फट ठेवू नकोस."

थंडीचे दिवस होते तोवर सगळं झकास चाललं. आक्का सकाळी परसात गेली की पाचही कोंबड्या तिच्या पायांत यायच्या. त्यातली एक तुरेवाली इतकी धीट, की आक्का स्टुलावर बसली की ही मांडीवर. मिस्त्रींची बायको म्हणायची, "वन्सं, आमच्या लग्नात सुद्धा तुम्ही एवढ्या खूश नव्हता." संध्याकाळी आक्का दाणा-पाणी आत ठेवायची आणि मिस्त्री दार लावायचे. ते काम त्यांनी आपल्याकडे ठेवलं होतं. 'फुस्स' असा आवाज व्हायचा. त्यांना तो आवडायचा.

मग हवा बदलली. एका आठवड्यात उकाडा असा वाढला की झाडाचं पान हलेना. त्या संध्याकाळी अंगाचं पाणी पाणी होत होतं. आक्का म्हणाली, "आज दार जरा किलकिलं ठेवूया का?" मिस्त्री म्हणाले, "मुंगसाला निमंत्रण पाठवतेस का?" आणि दार लावलं.

सकाळी आक्काच्या आधी तेच उठले, म्हणून दार त्यांनीच उघडलं.

आधी वास आला. बंद मुतारीसारखा, डोळ्यांत पाणी आणणारा, नाकातून थेट टाळूला भिडणारा. छताला आतून घाम फुटल्यासारखे थेंब लटकत होते. भुसा ओला होऊन काळा पडला होता. तीन कोंबड्या चोची वासून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत होत्या. दाराशी येऊन अक्षरशः बाहेर कोसळल्या. दांडीखाली दोन पडल्या होत्या. एक तुरेवाली.

मिस्त्रींना कळायला एक क्षणही लागला नाही. जन्मभर हवा कुठून शिरते आणि कुठून निसटते याचाच धंदा केलेला माणूस. आपण कपाट बनवलं आणि त्यात जीव कोंडले, हे त्यांना त्या वासातच समजलं. ते घाईघाईनं आत वाकले, मेलेल्या कोंबड्या ओढून बाहेर काढल्या, आणि त्या गडबडीत कोपर लागून पाण्याचं भांडं कलंडलं. निम्म्याहून जास्त भरलेलं होतं. पाणी भुशात जिरून गेलं.

तेवढ्यात मागे आक्काची चप्पल वाजली.

"काय झालं रे?"

मिस्त्री वळले. हातात तुरेवाली लोंबत होती. आक्का तिच्याकडे बघत होती, मग आतल्या रिकाम्या भांड्याकडे. आणि मिस्त्रींच्या तोंडून प्रश्न निघून गेला. त्यांनी तो ठरवला नव्हता. पण निघाल्यावर परतही घेतला नाही.

"काल पाणी ठेवलं होतंस ना, आक्का?"

आक्का थांबली. डोळे बारीक करून आठवत राहिली. "ठेवलं होतं... मला वाटतं ठेवलं होतं. की परवा?" तिचा चेहरा हळूहळू उतरला. "भांडं तर रिकामं आहे."

मिस्त्रींनी तुरेवाली खाली ठेवली.

"उकाड्यात तहानेनं मेल्या बिचाऱ्या," आक्का म्हणाली, आणि स्टुलावर न बसता जमिनीवरच बसली.

दुपारी आक्का खोलीत पडली असताना मिस्त्रींनी ड्रिल काढलं आणि खुराड्याच्या मागच्या अंगाला, भिंतीकडच्या बाजूला, छताखाली भोकं पाडायला सुरुवात केली. दिसू नयेत अशा बेतानं. बायको कपडे वाळत घालायला आली.

"हे काय चाललंय?"

"शोभेचं काम."

"शोभा? मागच्या बाजूला? भिंतीला दाखवायला?" ती जवळ आली, दार उघडून नाक आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. भोकांखाली पडलेल्या भुशाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ती सुताराची बायको होती. तिला दोन आणि दोन चार सांगावे लागत नव्हते. "अहो," ती एवढंच म्हणाली, "वन्सं आत रडताहेत."

"सांगतो गं. वेळ बघून सांगतो."

वेळ काही दिसेना. उलट रोज सांगणं कठीण होत गेलं. आक्कानं बोटाला दोरा बांधला, मग दुसऱ्या बोटालाही. नळ बंद केला की परत जाऊन बघायची, परत येऊन परत जायची. उरलेल्या तीन कोंबड्या मागच्या दाराशी येऊन माना वाकड्या करून वाट बघायच्या, पण ती परसात पाऊल टाकेना. "माझ्या हाताला नकोत. अजून एखादी मारायची माझ्याकडून." आणि एका सकाळी चहा ठेवायच्या वेळी ती भावजयीला म्हणाली, "वहिनी, आजपासून गॅसला मी हात लावणार नाही. तूच लाव, तूच बंद कर. घर पेटवून ठेवीन एखाद्या दिवशी. माझं आता काही खरं नाही."

मिस्त्री शेजारीच बसले होते. आत्ता सांगावं, असं त्यांनी तोंड उघडलंसुद्धा, आणि म्हणाले काय, तर "चहात साखर कमी आहे."

बायकोनं साखरेचा डबा त्यांच्यासमोर आदळला.

आपल्या सुतारकामाच्या कारखान्यात त्यांचं लक्ष लागेना. एका शोकेसच्या दाराचं माप चुकलं. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. गिऱ्हाइकानं नेहमीचं कौतुक सुरू केलं, "तुमच्या कामात मुंगी..." आणि मिस्त्रींनी त्याला मध्येच तोडलं, "मुंगीचं सोडा हो." कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. चोरानं चोरी करावी, पण घरातल्याच म्हाताऱ्या माणसाच्या खिशात माल ठेवावा, तसं आपण केलं, असं त्यांना सारखं वाटत होतं.

आणि मग ड्रायव्हरनं हाक मारली. "मिस्त्री, या की! बघा तरी, चेला कसा तयार झालाय!"

ड्रायव्हरच्या परसात खुराडं उभं होतं. काम ओबडधोबड, पण आकृतीबरहुकूम. जिथे सांधे बसले नव्हते तिथे त्यानं कापडाच्या चिंध्या आणि डिंक ठासून भरला होता. "एक फट सापडली तर सांगा," तो छाती फुगवून म्हणाला. "उद्या कोंबड्या आणतोय. पोरीनं नावंसुद्धा ठरवलीत."

मिस्त्री खुराड्याभोवती एक फेरी मारून आले. "वर थोडी मोकळी जागा ठेव," ते पुटपुटले. "छताखाली. दोन्ही अंगांना."

"का? तुमच्याला कुठे आहे?"

"माझ्याला... आता आहे. मागून."

ड्रायव्हर हसला. "अहो, भ्यालात होय त्या दोन कोंबड्यांमुळे? त्यात खुराड्याचा काय दोष! आक्का पाणी ठेवायला विसरल्या, सगळ्यांना ठाऊक आहे. वय झालं की व्हायचंच." मग आपल्या बायकोकडे वळून आवाज बारीक करून म्हणाला, "म्हातारीच्या भरवशावर कोंबड्या ठेवल्या की दुसरं काय होणार!"

त्याची बायको फिसकन हसली.

आपलंच खोटं दुसऱ्याच्या तोंडातून ऐकायला मिळालं, आणि ते इतकं ठेंगणं, इतकं ओंगळ दिसलं, की मिस्त्रींना तिथे उभं राहवेना. त्यांनी ड्रायव्हरच्या खुराड्याच्या छतावर हात टेकला.

"ती विसरली नव्हती," ते म्हणाले. "भांड्यात पाणी होतं. माझं कोपर लागून सांडलं. कोंबड्या गुदमरून मेल्या. मी त्यांना कपाटात कोंडलं होतं. हवेचा मार्गच ठेवला नव्हता. आक्कानं दोनदा सांगितलं, मी ऐकलं नाही. आणि नंतर तिच्यावर ढकललं."

ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याच्या बायकोनं नजर दुसरीकडे वळवली, आणि ते मिस्त्रींना शिवीपेक्षा जास्त लागलं.

"आणि आक्कांना?" ड्रायव्हरनं विचारलं.

"तिला अजून सांगायचंय."

"मग आधी इकडे कशाला सांगत बसलात?"

मिस्त्रींना परक्यासमोर कबूल करणं सोपं गेलं होतं, एवढंच खरं. घरी आले तर आक्काचे डोळे मिटलेले. ते दारात घुटमळले आणि मनाशी म्हणाले, सकाळी.

पण सकाळी ड्रायव्हरची बायको आधी उठली. काल हसल्याचं तिला डाचत असावं. मागच्या दारात आक्का दिसली तशी ती कुंपणावरून मायेनंच म्हणाली, "आक्का, जिवाला लावून घेऊ नका हं. तुमची काही चूक नव्हती. तुमच्या भाऊंनी काल सगळं सांगितलं आम्हाला."

मिस्त्री कारखान्यात रंधा मारत होते. आक्का दारात येऊन उभी राहिली. गुडघ्यांमुळे ती कधी एवढ्या लांब चालत यायची नाही. चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही बोटांवरचे दोरे तिनं मुठीत धरले होते.

"गल्लीला सांगितलंस," ती म्हणाली. "मला नाही."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "आक्का, मी आज..."

"गप्प बस." तिचा आवाज चढला नाही, पण मदतीचा कारागीर हातातलं काम टाकून बाहेर निघून गेला. "मी गॅसला हात लावायचा सोडला, धाकट्या. अंथरुणावर पडलं की मी दिवसभराचं आठवत राहायची. सकाळी काय खाल्लं, कोणाशी बोलले, कोणती वस्तू कुठे ठेवली. एखादी गोष्ट आठवली नाही की छातीत धडधडायचं. मला वाटलं, मी चालले. आणि तू रोज माझ्यासमोर बसून चहा पीत होतास."

"मला लाज वाटत होती."

"आणि मला भीती वाटत होती. तुझी लाज मोठी की माझी भीती?"

मिस्त्रींना रडू येत होतं, पण रडलो तर आक्काला आपली समजूत घालावी लागेल, तेवढी सुद्धा तसदी तिला देऊ नये, एवढी अक्कल त्यांना त्या घटकेला सुचली. "चुकलो," ते म्हणाले. "कोंबड्यांचं चुकलो ते वेगळं. तुझ्याशी वागलो ती हलकटपणाची हद्द झाली."

"झालीच," आक्का म्हणाली आणि वळून निघाली. ते सोबत जायला उठले तर तिनं मागे न बघता हात हलवला. येऊ नकोस.

नंतरचे कित्येक दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलली नाही. निरोप भावजयीमार्फत. "वहिनी, याला सांग, जेवण वाढलंय." मिस्त्री समोरच बसलेले. भावजयीला हसू यायचं, पण ती मान खाली घालून तंतोतंत निरोप पोचवायची. याच दिवसांत दोघी जाऊन डॉक्टरांकडून आक्काची स्मरणशक्ती तपासून घेऊन आल्या. मिस्त्रींना कोणी विचारलं नाही, सोबत येता का म्हणून.

मिस्त्रींनी ड्रायव्हरचं खुराडं आधी दुरुस्त केलं. मग आपलं खोललं. पॉलिश केलेलं छत काढलं, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींची वरची पट्टी सबंध कापून टाकली आणि तिथे जाड तारेची बारीक चौकटीची जाळी बसवली. जाळी खिळ्यांनी नाही. स्क्रू आणि वायसर लावून, म्हणजे मुंगसानं पंजे मारले तरी हलणार नाही. ते वाकून काम करत असताना पाठीमागून आवाज आला.

"दांडी वर राहिलीय."

आक्का होती.

"जाळीच्या समोर बसल्या तर रात्रभर अंगावर वारा घेतील," ती म्हणाली. "धुलाईघरात वरच्या झरोक्यातून वाफ जायची, आणि आम्ही खाली उभ्या असायचो म्हणून आमच्या पाठी शाबूत राहिल्या. दांडी खाली घे. घाण हवा डोक्यावरून जाऊ दे."

मिस्त्रींनी दांडी खाली घेतली. आक्कानं टेपचं दुसरं टोक धरलं. छत भिंतीच्या बाहेर हातभर काढलं, पावसाचा झोत जाळीतून आत येऊ नये म्हणून. तळाशी चहूबाजूंनी जाळीचा पट्टा बाहेरच्या अंगाला जमिनीत पुरला, म्हणजे जनावर उकरायला लागलं की पंज्याला तारच लागणार. दाराला दोन कड्या. सगळ्या कामात आक्का बोलली ती फक्त मापांबद्दल. खुराडं पूर्वीसारखं देखणं राहिलं नाही. कापलेल्या कडा, वेगळ्या रंगाचं छत. घरी आलेलं एक जुनं गिऱ्हाईक परसात डोकावून म्हणालं, "मिस्त्री, हे तुमचं काम?" मिस्त्री म्हणाले, "माझंच. आधीचं बिघडवलं तेही मीच." आणि कान तापले तरी उभे राहिले.

उकाडा पुन्हा तसाच झाला. एका टळटळीत दुपारी मिस्त्री परसात आले तर आक्का स्टुलावर बसून जाळीपुढे तळहात धरून होती. आतली गरम हवा हाताला लागत होती, बाहेर पडत होती. एक कोंबडी तिच्या पायाशी माती अंगावर उडवत लोळत होती. मिस्त्री शेजारी उकिडवे बसले.

"आक्का, मी खरंच..."

"पुरे झालं रे. रोज माफी मागून दमवू नकोस मला." ती हात तसाच धरून म्हणाली, "राग उतरतोय हळूहळू. पण विसरायचं म्हणशील तर ते जमणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, माझी आठवण एकदम ठणठणीत आहे."

मिस्त्रींना हसावं की नाही ते कळेना. त्यांनी वर पाहिलं तर आक्का त्यांच्याकडे बघत नव्हती. कोंबड्या मोजत होती. त्यांनी मान खाली घातली आणि भांड्यातलं कोमट झालेलं पाणी बदलायला उठले.